सारजाला बसायला दिलेली फरशी

मी एक जुनी कडप्प्याची फरशी आहे. जुनी आहे, आणि आता निम्मीच उरले आहे. माझा दुसरा निम्मा तुकडा शेळगावच्या चौकात वेल्डिंगच्या दुकानापुढं पडून असतो, आणि मी इथं, फरशीवाल्या तात्याबाच्या अंगणात, विटांवर टेकलेली असते. मित्रांनो, मित्रांनो म्हटलं की त्यात मुलीही आल्या, हे आधीच सांगून ठेवते. बाकीच्या वस्तू आपली कहाणी तुम्हाला अभिमानानं सांगतात. छत्री सांगते, सायकल सांगते, शाळेचा फळासुद्धा छाती फुगवून सांगतो. माझ्याकडं तसलं काही नाही. मला लाज वाटते. तुटल्याची लाज नाही, दगड आहे, कधीतरी तुटणारच. लाज दुसऱ्याच गोष्टीची आहे आणि तीच सांगायला तोंड उघडलं आहे.

माझा जन्म लांब आंध्रातल्या खाणीत झाला. तिथून ट्रकमध्ये उभ्यानं आले आणि बारामतीच्या एका फरशीच्या दुकानात भिंतीला टेकून बसले. काळी, थंड, गुळगुळीत. माणूस आडवा निजेल एवढी लांब. बाजारात ग्रॅनाइट नुकतं कुठं दिसायला लागलं होतं, त्यामुळं अजून मला भाव होता. विजयमालाताई आणि त्यांचे यजमान आबासाहेब एके दिवशी आले, ताईंनी माझ्यावर हात फिरवला, आणि मी त्यांच्या स्वयंपाकघराचा ओटा झाले.

ओटा म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे. ज्याच्यापुढं बाई उभी असते, ती जागा.

आबासाहेबांचं खतांचं दुकान होतं. दुकानाला सुट्टी असली की ते बाहेरच्या खोलीत पेपर तोंडावर घेऊन पडायचे. तो त्यांचा रिकामा वेळ. आणि त्याच दिवशी विजयमालाताई माझ्यापुढं जास्त वेळ उभ्या असायच्या, कारण सुट्टी असली की माणसाला भूक जास्त लागते, असं त्या घरात मानलं जायचं. सकाळी पोहे, मग जेवण, मग चार वाजता काहीतरी तळलेलं. त्या माझ्यावर दोन्ही कोपरं टेकायच्या, एक पाय वर घेऊन दुसऱ्याच्या पोटरीवर घासायच्या, आणि तेवढाच विसावा घेऊन पुन्हा कढईकडं वळायच्या. त्या स्वयंपाकघरात खुर्ची नव्हती. मावली असती. पण तिथं खुर्ची ठेवावी, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

लिंबू पिळून पिळून माझ्यावर पांढरे डाग पडले. कडप्प्याला आंबट चालत नाही. मग घरात ठरलं, ओटा जुना दिसतो, ग्रॅनाइट टाकू.

ते काम करायला शेळगावहून तात्याबा आणि सारजा आले.

शेजारच्या बाईनं खिडकीतून विचारलं, "फरशीवाला आला का?" आणि विजयमालाताई म्हणाल्या, "हो, बायकोला घेऊन आलाय." हे मी त्या दिवशी ऐकलं आणि पुढं जागोजागी ऐकलं. फरशीवाला आणि बरोबर बायको. अहो, बरोबर बायको नव्हती, दोन फरशीवाले होते! तात्याबा माप घ्यायचा, कटर चालवायचा, फरशी बसवायचा. सारजा माल कालवायची, उचलायची, सांधे भरायची, घोटायची. पांढऱ्या सिमेंटनं तिच्या बोटांची टोकं खाल्ली होती. तात्याबाचे गुडघे गेले होते आणि तिची बोटं. पण गावात विचाराल तर तात्याबाला कारागीर म्हणतील आणि सारजाला तात्याबाची सारजा.

तात्याबाचे वाडवडील मेंढरं राखायचे. मेंढरं गेली, मेंढरं कोंडायची वाघर गेली, आणि हा पोरगा बारामतीतल्या एका मिस्त्रीच्या हाताखाली फरशी शिकला. चांगला शिकला. लांब फरशी उचलायचा त्याचा एक नियम होता. फरशी कधीही आडवी उचलायची नाही. आधी उभी करायची, एकानं या टोकाला, एकानं त्या टोकाला धरायचं, आणि मग चालायचं. आडवी उचलली की मधोमध मोडते. त्या टोकाला कायम सारजा असायची. तो तोंडानं एवढंच म्हणायचा, "हां, सारजे." की दोघं एकदम उठायचे. मला ओट्यावरून काढलं तेव्हाही असंच. "हां, सारजे." आणि मी न दुखता उभी.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. तात्याबा बादली पालथी घालून तिच्यावर बसला. सारजा दाराला टेकून, भाकरी हातावर घेऊन उभ्यानंच खात होती.

"सारजाबाई, बसून खा की," विजयमालाताई म्हणाल्या.

"कशावर बसू, ताई? बादली एकच हाय, आन तिच्यावर मालक बसल्यात."

"घरी तरी बसतेस का?"

"बसते की. यष्टीत." सारजा हसली. "तुमी वो?"

"मी पोथीला बसते. चातुर्मासात."

दोघी हसल्या. मग एकदम हसू थांबलं. ताईंनी माझ्याकडं बघितलं. इतकी वर्षं माझ्यापुढं उभ्या राहिल्या होत्या त्या. म्हणाल्या, "ही जुनी फरशी तू घेऊन जा. दारापुढं टाक आणि हिच्यावर बस. मी बसायला दिलीय म्हणून सांग."

तात्याबा घास चावत होता. त्यानं हे ऐकलं. मी त्याच्या समोरच होते, म्हणून छातीठोक सांगते. ऐकलं.

संध्याकाळी छोट्या हत्ती टेम्पोत मला उभी लावली. बारामतीपासून शेळगावापर्यंत सारजाचा हात माझ्या पाठीवर होता. खड्डा आला की ती मला दाबून धरायची आणि टेम्पोच्या आवाजातून ओरडून नवऱ्याला सांगायची, "दारापुढं टाकू. लिंबाच्या सावलीला. आं?"

"बगू," तात्याबा म्हणाला.

मित्रांनो, 'बगू' हा शब्द नीट ओळखायला शिका. तुमच्या आईला कुणी 'बघू' म्हणालं की समजा, ते काम होत नाही.

टेम्पो तात्याबाच्या दारात गेलाच नाही. चौकात, रविराजच्या वेल्डिंगच्या दुकानापुढं थांबला. तिथं दोन बाजूंना विटांचं बांधकाम करून मला वर ठेवली, बैठक म्हणून.

"आवो, ही मला दिली ना ताईंनी?" सारजानं विचारलं.

"तुला बसायला येळ कवा हाय? दारात नुस्ती पडून ऱ्हाईल. हितं चार माणसं बसतील, नाव निगंल," तात्याबा म्हणाला.

नाव निघालं. कुणाचं निघालं असेल? 'तात्याबाची बैठक.' तात्याबानं चौकाला फरशी दिली, असं लोक बोलायला लागले, आणि तात्याबानं ते कधी खोडलं नाही.

आता बाजारादिवशीची गंमत सांगते. बारामतीचा बाजार गुरुवारी. आमच्या भागात बांधकामाची माणसं त्या दिवशी काम बंद ठेवतात. गवंडी, फरशीवाले, बिगारी, सगळे. हत्यारं धुऊन कोपऱ्यात उभी करायची आणि माणसानं मोकळं व्हायचं. आठवडाभर उकिडवा बसणारा तात्याबा गुरुवारी माझ्यावर येऊन पाय खाली लोंबकळत सोडायचा. गुडघे वाकवायचे नाहीत, हाच त्याचा सण. वेल्डर रविराज यायचा. आदल्या दिवशी चष्मा न लावता वेल्डिंग केलेलं असायचं, म्हणून डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून उताणा पडायचा आणि तसाच गप्पा मारायचा. आणि हिंदुराव आबा यायचे. ऊसवाले घर, पण यांना शेतीपेक्षा मोटारी भरायचा नाद. पाण्याच्या जळालेल्या मोटारी त्यांच्या हाताखाली पुन्हा चालू व्हायच्या. लांबून कुणाची मोटार चालू झाली की मान तिरकी करून म्हणायचे, "बेरिंग गेली. पर त्यो यायचा न्हाय. जळल्यावर यील."

कारागिराला सुट्टी मिळाली तरी हात गप्प बसत नाहीत. एका गुरुवारी तात्याबानं घरून कटर आणला आणि माझ्या मधोमध नवकंकरीचा पट कोरला. एकात एक तीन चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. लोकांच्या घरात घाईघाईनं फरशी बसवणारा हा माणूस, पण त्या दिवशी कटर असा चालवला की एक रेघ केसाएवढी हलली नाही. वर पांढरं सिमेंट भरून घोटलं. रविराजनं एका बाजूला नट दिले, दुसऱ्या बाजूला वायसर. आपले तीन एका रेघेत आणले की समोरच्याचा एक मारायचा, असा खेळ. हरला त्यानं चहा सांगायचा.

"आबा, वायसर उचला की. हात लावून किती येळ बसताय? मोटार भरताय का काय?"

"गप रं. तुज्या वेल्डिंगवानी न्हाय आमचं. तू लावतू आन फाटक दारातच पडतं."

"पडलं त्ये भिताड व्हतं, आबा. तात्याच्या चुलत्यानं बांधल्यालं."

"माज्या चुलत्याचं नाव काडू नगं. त्यानं तुज्या बापाचं घर बांदलं, त्यात तू निजतुयास."

असं चालायचं. मलाही ते बसणं गोड लागलं. माझ्यापुढं उभं राहणं मी पुष्कळ बघितलं होतं, माझ्यावर बसलेलं माणूस पहिल्यांदाच बघत होते. माणूस बसला की त्याचा चेहरा कसा सैल होतो! मग माझ्या लक्षात आलं, की हे चेहरे सगळे मिशीवाले आहेत.

सारजाला गुरुवार नव्हता का? होता की. आठवडाभर सिमेंटमध्ये माखलेले दोघांचे कपडे त्याच दिवशी भिजवायचे. घर सारवायचं, बाजार आणायचा, लेकीच्या घरी सांडगे पाठवायचे, आणि दळण. पिठाची गिरणी चौकातच, माझ्या समोर. डोक्यावर डबा घेऊन ती माझ्यासमोरून जायची. कधी कधी दोन पावलं थांबायची, पट बघायची. तिचं माहेर निरवांगीचं. लहानपणी बापाच्या मेंढरांमागं माळावर जायची, तेव्हा खडकावर कोरलेल्या पटावर हाच खेळ खेळायची. एकदा तिच्या तोंडून निघून गेलं, "आबा, त्यो नट आदी आडवा की."

"वयनी, तुमाला येतंय व्हय?" रविराजनं बटाटा उचलून एक डोळा उघडला.

"येतंय की. आमी लेंड्यांनी खेळायचो."

सगळे खो खो हसले. तात्याबा हसला नाही. म्हणाला, "जा, पीठ सांडंल."

पीठ झाकलेलं होतं.

असे कितीतरी गुरुवार गेले. मग तो गुरुवार आला.

सारजा दळण घेऊन आली. जोंधळे जात्यात पडले आणि लाइट गेली. गिरणीवाला म्हणाला, "बसा वयनी. आता कवा यील त्याचा नेम न्हाय." गिरणी बंद, रविराजचं वेल्डिंग तर गुरुवारी बंदच, चौक कसा चिडीचूप. सारजा गिरणीच्या दारात उभी राहिली. तिच्या आयुष्यात रिकामा वेळ असा आला, लाइट गेली म्हणून. कुणी दिला नाही. डोक्यावर ओझं नाही, हातात काम नाही, घरी जावं तर दळण अर्धं.

रविराज चहा सांगायला गेला होता. माझ्यावर हिंदुराव आबा आणि तात्याबा दोघंच होते, मधे पट, आणि रविराजची जागा रिकामी. सारजा आली. पदर नीट केला. आणि माझ्या टोकावर बसली.

मला तिचं वजन अजून आठवतं. फार नव्हतंच. तिनं श्वास सोडला तो माझ्यात उतरला.

आणि हिंदुराव आबा चटका बसल्यासारखे उठले.

गावकीच्या नात्यानं ते तिचे थोरले दीर. थोरल्या दिरापुढं बाई बरोबरीनं बसत नाही, खाली बसते किंवा उभी राहते. बाई बसली तर दिरानं उठायचं. कुणी कुणाला शिव्या दिल्या नाहीत, कुणी हात उगारला नाही. नुसतं उठले. आबा उठले म्हणून तात्याबा उठला. दोन धडधाकट बाप्ये उभे आणि एक बाई बसलेली. चहाच्या टपरीवरची माणसं माना वळवून बघायला लागली.

"बसा की, आबा. मी काय चावते का?" सारजा म्हणाली.

"न्हाय न्हाय. तू बस. आमी हाय असंच बरं."

"सारजे, ऊठ," तात्याबा दातातल्या दातात बोलला.

"का?"

"आबा उभं हायत."

"मग बसू द्या की त्यास्नी. जागा मोप हाय."

"तसं नसतं."

"मग कसं असतं?"

नियम पाळणाऱ्याला तो नियम का, हे कुठं ठाऊक असतं? तेवढ्यात रविराज चहाचे कप घेऊन आला.

"आयला! सभा हाय का काय? भाषान कोन करतंय?" मग सारजाला बघून डोळा मिचकावून म्हणाला, "वयनी, व्हऊन जाऊ द्या एक डाव?"

त्यानं चेष्टाच केली होती. सारजानं ती चेष्टा आहे हे ओळखून उचलली. "व्हऊ द्या." नट आपल्याकडं ओढले.

रविराज हसत हसत पहिला वायसर टाकायला गेला. दुसराही हसत टाकला. मग हसणं कमी झालं, कारण तिचे नट जिथं पडत होते तिथं त्याला जायचं होतं. हिंदुराव आबा उभे होते, पण मान खाली करून पटच बघत होते. ते एकदा पुटपुटलेसुद्धा, "रव्या, कोपरा सांबाळ." सारजाच्या तोंडावर असं काही आलं होतं की ते मी विजयमालाताईंच्या घरात कधी बघितलं नव्हतं, आणि या चौकात बायकांच्या तोंडावर तर नाहीच.

डाव कोण जिंकलं असतं, ते मला माहीत नाही. तुम्हालाही कळणार नाही. तात्याबानं मधेच हात फिरवला आणि सगळे नट, सगळे वायसर खाली मातीत उडवले.

"चेष्टा पुरे झाली. घरी चल."

सारजा उठली नाही. खूप हळू बोलली, पण चौकात ऐकू गेलं. "ही माजी हाय. विजयमालाताईंनी मला बसायला दिल्ती."

हिंदुराव आबा तात्याबाकडं वळले. "बाईची हाय व्हय? आरं, तू तर म्हनला व्हतास, आपून चौकाला दिली."

मित्रांनो, माणसाचं खोटं बाहेर पडलं की त्याच्यापुढं दोन रस्ते असतात. एक, मान खाली घालायची. दुसरा, आरडाओरडा करायचा. तात्याबाचा चेहरा लालबुंद झाला. त्यानं दुसरा रस्ता धरला.

"तुजी हाय ना? मग घिऊन जा! घे! हितं काय ठिवू नगं!"

सारजा उठली. आणि त्यानं माझ्या एका टोकाला दोन्ही हात घातले. मला उभी केली नाही. बाजूला घेतली नाही. आडवीच, जोरानं, वर ओढली.

सारजाचे हात सवयीनं दुसऱ्या टोकाकडं धावले होते. मी बघितलं. पण ते हात एका शब्दाची वाट बघत होते. "हां, सारजे." तो शब्द तात्याबानं त्या दिवशी काढलाच नाही. रागात बायकोला कशी हाक मारायची? तो एकटाच उचलत होता, जन्मभर दोघांनी उचललेली फरशी.

मी मोडले. पटाच्या बरोबर मधून, तीनही चौकोन चिरत. आवाज फार मोठा झाला नाही. कडप्पा मोडतो तेव्हा नुसता टकन वाजतो.

टपरीवरचं पातेलं तेवढं उकळत होतं. मग रविराज, ज्याला गप्प बसता येत नाही तो, अगदी बारीक आवाजात म्हणाला, "तात्या... आडवी उचलली?"

फरशीवाल्याला यापेक्षा वाईट काही बोलता येत नाही. तात्याबा आपल्याच हातातल्या तुकड्याकडं बघत राहिला. मग तो खाली ठेवून, मान न वळवता, चौकातून निघून गेला. हिंदुराव आबा मातीतले नट वेचायला लागले. उगाचच. हाताला काहीतरी काम पाहिजे म्हणून.

सारजानं दुसरा तुकडा, म्हणजे मी, उभा केला. पाठीवर घेतला. दोन-तीन माणसं पुढं झाली, "वयनी, द्या आमच्याकडं." ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. ह्यो निम्मा मला झेपतूय."

तिनं मला घरी आणून अंगणात कडुलिंबाखाली विटांवर ठेवलं. आणि घाम पुसतेय तोच लाइट आली. गिरणीचा आवाज इथपर्यंत यायला लागला. सारजा उठली, आणि पुन्हा चौकात गेली. त्याच चौकात, त्याच माणसांपुढनं. पीठ कोण आणणार होतं?

मला वाटलं, आता झालं. फरशी मिळाली, बाई बसेल, गोष्ट संपली. तुमच्या पुस्तकातल्या गोष्टी अशाच संपतात. पण मी पुढच्या गुरुवारचं सांगते, आणि इथंच मला खरी लाज वाटते.

तात्याबा चौकात गेला नाही. घरात भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. कपडे बादलीत भिजत होते. सारजा बाहेर आली आणि माझ्यावर बसली. हात मांडीवर, रिकामे. लिंबाची पानं पडत होती. समोरचं पत्र्याचं फाटक सताड उघडं होतं. हिंदुरावांच्या घरातली कुशाबाई रस्त्यानं चालली होती, ती थबकली.

"काय गं सारजे, बरं न्हाय का?"

"बरी हाय की."

"मग अशी का बसलीस?"

झालं. धडधाकट बाई नुसती बसली, म्हणजे तिला काहीतरी दुखत असणार. कुशाबाई मायेनंच बोलली, तिच्या मनात काळं काही नव्हतं. पण सारजा हळूच उठली, आत गेली, मेथीची जुडी घेऊन आली आणि निवडत बसली. आता कुणी विचारणार नव्हतं. जिच्यासाठी एवढं रामायण झालं, ती तिची स्वतःची फरशी, आणि तिच्यावर बसायला तिला मेथीची परवानगी लागली! मी दगड असून वितळले लाजेनं.

जुडी संपत आली तेव्हा तात्याबा दारात आला. मग खाकरून म्हणाला, "म्या काय म्हनतू... निम्म्या फरशीवर बारका पट बसंल. कोरून दिऊ का? घरातच खेळू. तुला येतंयच."

कारागीर माणूस. 'चुकलं' हा शब्द त्याला कुणी शिकवला नव्हता. त्याला कटरच चालवता येतो, म्हणून तो कटरानं बोलायला बघत होता.

सारजानं वर बघितलं. रागानं नाही. थट्टेनंही नाही. "पट मागनं कोरा," ती म्हणाली. "आदी ती कापडं पिळा."

तो हबकला. बादलीकडं बघितलं. सिमेंटचे कपडे, दगडासारखे जड. मग त्यानं बाह्या वर केल्या. मला वाटलं, आता हा बादलीकडं जाईल. तो गेला, पण आधी फाटकाकडं. पत्र्याचं फाटक ओढलं, कडी घातली, दोनदा हलवून बघितली. मग आला आणि कपडे धुवायला बसला. वाकत नाहीत ते गुडघे वाकवून. छान धुतले त्यानं, खोटं कशाला बोलू? घोटायची सवय असलेला हात तो. सारजा माझ्यावर बसून बघत होती. मेथी संपली होती. हात कोरडे होते. तिनं लिंबाकडं बघितलं, आणि हळूहळू पाठ सैल सोडली.

तेवढ्यात फाटक वाजलं. बाहेर कुशाबाई परत आली होती.

"सारजे, ए सारजे! दिसाउजेडी फाटक का लावलंय? आन कापडं कोन आपटतंय?"

तात्याबाचे हात फेसात थांबले. त्यानं सारजाकडं बघितलं आणि मान हलवली. नाही, नाही. एवढं मोठं माणूस, लेकराच्या डोळ्यांनी विनवत होतं. चौकात फरशी मोडली तेव्हा जेवढा मेला नव्हता तेवढा तो आता मरत होता, बायकोचे कपडे धुताना सापडलो म्हणून. ज्या कपड्यांत तिनं त्याच्याच बरोबरीनं सिमेंट उचललं होतं, ते कपडे.

सारजानं त्याच्या फेसातल्या हातांकडं बघितलं. मग फाटकाकडं तोंड करून म्हणाली, "मीच धुतीया, अक्का."

माझ्यावर बसून, कोरड्या हातांनी म्हणाली.

मित्रांनो, बाकीच्या वस्तू शेवटी तुम्हाला सांगतात, आम्हाला पुसा, आम्हाला जपा, कचऱ्यात टाकू नका. मला जपलं नाही तरी चालेल. डाग पडू द्या, शेवाळ येऊ द्या, आणखी एक तुकडा होऊ द्या. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरी सुट्टीच्या दिवशी कोण बसलेलं असतं आणि कोण उभं असतं, ते एकदा डोळे उघडून बघा. आई नुसती बसली तर तिला 'काय होतंय' म्हणून विचारू नका. काही होत नाही तिला, ती बसली आहे. आणि पोरांनो, मुद्दाम पोरांनाच सांगते, उद्या तुम्ही गवंडी व्हा, वेल्डर व्हा, साहेब व्हा, तुमचे कपडे तुम्ही धुवाल, बायकोचेही धुवाल, तेव्हा एक करा.

फाटक उघडं ठेवा.